शुरीचा पोशाख आणि आठवीतलं बीजगणित

गेल्या अंकात 'ब्लॅक पँथर' या चित्रपटातल्या शुरीवर एक छोटं टिपण छापलं होतं. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाची ही सोळा वर्षांची राजकन्या तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, आणि असे सुपरहिरोपट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना विज्ञानाकडे ओढू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. चित्रपट मुलीला दारापर्यंत आणतो, असं एक वाक्यही होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा सूर 'दारापर्यंत आणतो, मग पुढे काय?' असा आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : सिनेमा बघून कोणी शास्त्रज्ञ होतं का? मुलं दोन दिवस हात छातीवर आडवे धरून 'वाकांडा फॉरेव्हर' करतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. याला काही पुरावा आहे की हे नुसतं छान वाटण्यापुरतं?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

तिसऱ्या दिवशी विसरतात हे खरंच आहे. त्यामुळे एकट्या सिनेमाला फार श्रेय देऊ नये. पण पडद्यावरचं माणूस आणि खरी नोकरी यांच्यामध्ये कोणीतरी पूल बांधला की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे.

१९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली. त्यात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री यानावरच्या संपर्क अधिकारी उहुराची भूमिका करत होती. १९७७ मध्ये नासाला स्पेस शटलसाठी नवे अंतराळवीर हवे होते आणि स्त्रिया व कृष्णवर्णीय उमेदवार पुरेसे अर्ज करत नव्हते. नासाने निकोल्स यांनाच प्रचाराचं काम दिलं. त्या देशभर फिरल्या आणि अर्ज भरा म्हणून सांगत राहिल्या. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष. कृष्णवर्णीय स्त्री मात्र एकही नव्हती. ती जागा भरायला आणखी नऊ वर्षं लागली. १९८७ मध्ये मे जेमिसन निवडल्या गेल्या आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी एंडेव्हर यानातून अंतराळात गेल्या. शिकागोत वाढलेल्या, स्टॅनफर्डमधून केमिकल इंजिनिअर आणि कॉर्नेलमधून डॉक्टर झालेल्या या बाईंनी उहुराचं ऋण उघडपणे मान्य केलं. पुढच्या वर्षी 'स्टार ट्रेक'च्याच नव्या मालिकेत त्या एका भागात छोट्या भूमिकेत दिसल्याही.

यात मालिका होतीच, पण अर्जाचा फॉर्म घेऊन दारात उभं राहणारंही कोणीतरी होतं. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे दुसरं.

आता संशोधनाचं. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४,८०७ लहान मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' म्हटलं होतं. स्त्री-शास्त्रज्ञ किती निघाल्या? २८, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या. म्हणजे शास्त्रज्ञ म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं, हे शाळेच्या पहिल्या वर्गांतच ठरलेलं असतं. पडद्यावरचा चेहरा इथे काम करतो, ते चित्र बदलतो.

पण चेहरा दाखवला की झालं, असंही नाही. मिशिगन विद्यापीठातल्या डायना बेट्झ आणि डेनिस सेकाक्वाप्टेवा यांचं २०१२ चं संशोधन अस्वस्थ करणारं आहे. सहावी-सातवीच्या मुलींना दोन प्रकारच्या यशस्वी विज्ञान-विद्यार्थिनींची ओळख करून दिली. एक साधी, दुसरी नटलेली, गुलाबी कपडे, मेकअप, फॅशनची आवड. उद्देश हा की 'बघा, विज्ञानातल्या मुलीही तुमच्यासारख्याच'. निकाल उलटा लागला. ज्या मुलींना गणित-विज्ञान आधीच आवडत नव्हतं, त्यांची ओढ दुसऱ्या प्रकारामुळे आणखी कमी झाली. हुशारही व्हायचं आणि तशीही दिसायचं, म्हणजे दुप्पट अशक्य, असं त्यांना वाटलं. आदर्श जितका सर्वगुणसंपन्न, तितकं अंतर जास्त. शुरी राजकन्या आहे, विनोदी आहे, लढतेही उत्तम आणि जगातली सर्वांत पुढारलेली प्रयोगशाळा चालवते. तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.

प्रश्न : शिकागोच्या साउथ साइडला एका सार्वजनिक वाचनालयात मी शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाते. अकरा ते तेरा वयाच्या बारा मुली आहेत, जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. 'ब्लॅक पँथर' सगळ्यांनी पाहिलाय. हातात नव्वद मिनिटं. नुसता सिनेमा दाखवून चर्चा करायची नाहीये. काय करू?
— एक वाचक, शिकागो

पूर्ण सिनेमा दाखवूच नका. तो सव्वादोन तासांचा आहे आणि त्यांना पाठ आहे. शुरी भावाला नवा पोशाख दाखवते तो प्रयोगशाळेतला प्रसंग तेवढा लावा. पोशाखावर मारलेला फटका तो साठवून ठेवतो आणि नंतर बाहेर फेकतो. प्रसंग संपला की थांबवा आणि एकच प्रश्न विचारा : फटक्याची ऊर्जा साठवता येते का? उत्तर देऊ नका. टेबलावर सामान ठेवा.

सामान दोघींच्या एका गटाला असं : २७ मिलिमीटरची पिएझो डिस्क (दाबल्यावर वीज देणारी, बझरमध्ये असते तीच पितळी चकती, वायरी आधीच जोडलेली घ्या), लाल रंगाचे ५ मिलिमीटरचे दोन एलईडी, १एन४१४८ जातीचे चार डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देतात ते), १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर (वीज साठवतो तो), एक पुश बटण, छोटा ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून जोडायची पाटी). सहा गटांना सहा डिस्क लागतील, पण दहा आणा. डिस्कची वायर चकतीवरून हमखास तुटते आणि तुटल्यावर ती जागेवर डाग देऊन जोडायला जाऊ नका. सोल्डरिंगची टोकदार गरम दांडी दोन सेकंदांच्या वर टेकली की मधल्या पांढऱ्या सिरॅमिकचा दाबल्यावर वीज देण्याचा गुणधर्मच उतरतो. त्या सिरॅमिकमध्ये शिसं असतं. चकती फुटली तर तुकडे हाताने गोळा करायचे नाहीत, आणि शेवटी सगळ्यांनी हात धुवायचे.

पहिला टप्पा, पंधरा मिनिटं. दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. ही जोडी डिस्कच्या दोन वायरींमध्ये लावा. खोलीतले दिवे कमी करा. डिस्क दाबली की एक एलईडी लुकलुकतो. सोडली की दुसरा. इथे मुली थांबतात आणि पुन्हापुन्हा दाबून बघतात, बघू द्या. दाबताना सिरॅमिक एका बाजूला वाकतं आणि विद्युतभार एका दिशेला सरकतो, सोडताना उलट दिशेला. हे तुम्ही सांगण्याआधी बहुतेक वेळा कोणीतरी म्हणतंच.

काहीच पेटलं नाही तर पहिल्यांदा डिस्क कशावर ठेवली आहे ते बघा. कडक टेबलावर ती वाकत नाही, म्हणून वीजही नाही. माउस पॅड किंवा फोमचा तुकडा खाली ठेवा आणि पेन्सिलीच्या रबराच्या बाजूने ठोका. मुठीने नको.

दुसरा टप्पा, चाळीस मिनिटं. साठवायचं कसं? उलटसुलट येणारी वीज एका दिशेला वळवायला चार डायोडचा चौकोन लागतो. मुलींना आकृती देऊन मोकळं होऊ नका, नियम द्या : प्रत्येक डायोडच्या एका टोकाला काळी पट्टी असते. ज्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात तो धन, जिथे दोन बिनपट्टीची टोकं भेटतात तो ऋण, उरलेल्या दोन कोपऱ्यांना डिस्कच्या वायरी. धन आणि ऋणाच्या मध्ये कपॅसिटर. त्याच्या अंगावरची पट्टी ऋणाकडे. मग कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये बटण आणि एलईडी एकामागे एक. रोधक लावू नका. बॅटरी नसल्याने एलईडी जळायची भीती नाही, आणि रोधकाने आहे तो उजेडही मंदावतो.

आता ठोकायचं. साधारण शंभर-दीडशे ठोके, डिस्क आणि हातानुसार कमी-जास्त. दोघींनी आळीपाळीने मोजायचे. मग बटण दाबलं की एक लखकन चमक. तेवढीच.

चुका नेमक्या कुठे होतात ते आधीच सांगून ठेवतो. मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त वीज, असं वाटून कोणीतरी १००० मायक्रोफॅरडचा लावतं. त्याला शंभरपट ठोके लागतील, शनिवार संपेल. बरीच वर्षं पडून राहिलेला कपॅसिटर गळतो, ठोकत राहिलं तरी भरत नाही. मल्टिमीटर सतत लावून ठेवला तर मीटरच थोडी वीज पितो. चांगल्या मीटरला चालतं, स्वस्त मीटरमध्ये आकडा बघता बघता उतरतो. म्हणून ठोकून झाल्यावर क्षणभर मोजा आणि काढून घ्या. आणि एक डायोड उलटा बसला की कपॅसिटर भरतच नाही. हे ओळखणं अवघड असतं, कारण वरवर सगळं नीट जोडलेलं दिसतं.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं हिशोबाला ठेवाच. समजा कपॅसिटरवर ३ व्होल्ट आले. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारिता (कपॅसिटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा) गुणिले व्होल्टचा वर्ग. म्हणजे ४५ मायक्रोज्यूल. शंभर ग्रॅमचं सफरचंद एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. भागाकार मुलींना करू द्या : बावीस हजारांवर उत्तर येतं. म्हणजे एक सफरचंद उचलायला हा कपॅसिटर बावीस हजार वेळा भरावा लागेल. आता शुरीच्या पोशाखाकडे परत या. त्याला किती लागत असेल? फटक्यातली ऊर्जा जाते कुठे, उष्णता होते का, कापड तापेल का? या प्रश्नावर भांडण लागलं तर तुमची नव्वद मिनिटं सत्कारणी लागली.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच करून ठेवा. प्रत्येकीकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घ्या, तारीख घाला, फाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढायला सांगा. दुसरा कुठला अहवाल लिहायची गरज पडणार नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "शुरी जन्मतः जिनिअस आहे, मी नाही. मग माझा काय संबंध?" मला उत्तर सुचलं नाही.
— माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी वाचक, न्यू जर्सी

ती मुलगी बरोबर बोलली. हा या चित्रपटांचा मोठा दोष आहे. शुरीने बनवलेलं काहीच फसत नाही. 'वाकांडा फॉरेव्हर' या पुढच्या चित्रपटात (२०२२) अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणारी एकोणीस वर्षांची रीरी विल्यम्स आली. धातुशास्त्राच्या वर्गासाठी केलेलं तिचं यंत्र इतकं चाललं की सरकारने पळवलं. पण तेही आपल्याला तयार झालेलंच दिसतं. फसलेला पहिला नमुना, दुसरा नमुना, रात्री तीनला सापडलेला उलटा डायोड, यांतलं काही नाही.

पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये वॉटर्लू विद्यापीठातल्या लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका झळाळत्या वरिष्ठ विद्यार्थ्याची बातमी वाचायला दिली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हुरूपले, शेवटच्या वर्षाचे नाही. पहिल्यांना वाटलं, आपल्याला अजून वेळ आहे. तुमच्या विद्यार्थिनीला वेळ दिसत नाहीये, फक्त शिखर दिसतंय. तिला मधल्या पायऱ्या दाखवा.

शर्ली अ‍ॅन जॅक्सन यांचं नाव तिला सांगा. एमआयटीतून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, १९७३ साली, मूलकणांच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रात. पुढे त्या अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. रीरीच्या इमारतीत खरंच कोणीतरी बसून गेलं आहे, हे कळलं की पडद्यावरची मुलगी थोडी खाली उतरते. पण जॅक्सनही शिखरच. म्हणून जोडीला जवळच्या विद्यापीठातली दुसऱ्या वर्षाची एखादी कृष्णवर्णीय इंजिनिअरिंग विद्यार्थिनी बोलवा. नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स या संघटनेच्या शाखा बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आहेत. तिथे लिहिलं की कोणी ना कोणी मिळतं. येताना बक्षिसं नकोत, फसलेली वस्तू आणायला सांगा : वितळलेला त्रिमितीय छपाईचा तुकडा, लाल पेनाने भरलेला पेपर, जळलेला बोर्ड. मुलींना त्यात जास्त रस असतो.

आणखी एक दार आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. 'ब्लॅक पँथर'मध्ये शुरीच्या आईच्या, राणी रमोंडाच्या, डोक्यावर जो उंच, जाळीदार मुकुट आहे तो झुलू स्त्रियांच्या इसिचोलो या टोपीवरून घेतलेला आहे आणि तो लेझरने पॉलिअमाइडची पूड थरावर थर वितळवून छापलेला आहे. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी त्यासाठी ज्युलिया कोर्नर या वास्तुविशारद-डिझायनरची मदत घेतली, आणि वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या कार्टर पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. संगणकावर भूमिती रचायची, ती छापता येईल इतकी जाड आणि डोक्यावर पेलेल इतकी हलकी ठेवायची, ही शुद्ध इंजिनिअरिंगची नोकरी आहे. ज्या मुलीला वाटतं 'मला फक्त कपडे आवडतात', तिला हे दाखवा.

प्रश्न : 'ब्लॅक पँथर' हे नाव पक्षावरून आलं का? आणि आपल्या दलित पँथरचा याच्याशी संबंध?
— ठाणे

कॉमिकमधला ब्लॅक पँथर जुलै १९६६ च्या अंकात आला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पार्टी हा पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ओकलंडला स्थापन झाला. त्यामुळे पक्षावरून नाव घेतलं हे कालक्रमात बसत नाही. दलित पँथर मात्र १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झाली ती या पक्षाच्याच प्रेरणेने, नावासकट. चित्रपटात ओकलंड मुद्दाम आहे. कथा तिथे सुरू होते आणि शेवटी राजा, म्हणजे शुरीचा भाऊ, तिथल्याच जुन्या इमारती विकत घेऊन केंद्र उघडतो. त्यातला विज्ञानाचा विभाग शुरीकडे. प्रत्यक्षातही चित्रपट चालल्यावर डिझ्नीने बॉईज अँड गर्ल्स क्लब्स ऑफ अमेरिका या संस्थेला दहा लाख डॉलर दिले, बारा शहरांत विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रं काढायला. त्या शहरांत ओकलंड होतं.

प्रश्न : हे सगळं प्रेरणेचं झालं. पण कृष्णवर्णीय मुलींनीच विज्ञानात का यायला हवं? विज्ञानाला रंग नसतो ना?
— नाशिक

सूत्राला नसतो. उपकरणाला असतो. मेंदूतल्या लहरी मोजायला ईईजीचे इलेक्ट्रोड कातडीला चिकटावे लागतात. दाट, कुरळ्या केसांत ते टेकतच नाहीत, खाली सरकतात, नोंदी बिघडतात, आणि मग अशा रुग्णाची नोंद वगळली जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आर्नेल एटिएन या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर उपाय मांडला. डोक्यालगत सरळ ओळींत घालतात त्या बारीक वेण्या, कॉर्नरो, अशा घालायच्या की इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागा दोन वेण्यांमधल्या भांगात उघड्या राहतील. मग वेण्यांखाली अडकेल असा चिमटा, तो इलेक्ट्रोडला कातडीवर दाबून धरतो. इतकं साधं. पण ज्याच्या डोक्यावर अशा वेण्या कधी घातल्याच गेल्या नाहीत त्याला हे सुचणं कठीण.

बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर घ्या. गडद त्वचेवर तो रक्तातला ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० मध्ये मोठ्या रुग्णालयीन नोंदींवरून पुन्हा पुढे आलं. कोविडच्या काळात 'आकडा बरा आहे' म्हणून कोणाला घरी पाठवायचं, हे त्याच यंत्रावर ठरत होतं.

केसांवरून आठवलं, म्हणून शिकागोच्या वाचकांनाही सांगतो : रबरी पट्ट्याचे सुरक्षा-चष्मे लांब वेण्यांवर बसत नाहीत, मुली ते कपाळावर ढकलून ठेवतात आणि आपण त्यांना ओरडतो. चष्म्यासारख्या दांड्यांचे, बाजूला आडोसा असलेले घ्या. आणि सोल्डरिंग असेल त्या दिवशी वेण्या मागे बांधायला रुमाल ठेवा.

प्रश्न : अटलांटात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनीतर्फे कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेत 'प्रेरणादायी भाषण' द्यायला जायचंय. मराठी मध्यमवर्गातून आलो, मेहनत केली, इथवर पोचलो, असं सांगावं असा विचार आहे. ठीक राहील का?
— अटलांटा

नाही. रोखठोक सांगितल्याबद्दल राग मानू नका. तुमची मेहनत खरी आहे, पण त्या वर्गात ती कथा 'आम्ही केलं, तुम्ही का नाही' अशी ऐकू जाते. तुम्ही बहुधा पदवी हातात घेऊन या देशात आलात. त्यांच्या आजी-आजोबांना याच देशात कोणत्या शाळेत बसायचं ते कायद्याने सांगितलं जात होतं. भारतीय मुलं गाजवतात त्या स्पेलिंग बी स्पर्धेचा उल्लेख तर चुकूनही नको.

भाषण द्यायला दुसरं कोणी शोधा. अटलांटातच स्पेलमन कॉलेज आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांचं नामांकित महाविद्यालय, तिथली विद्यार्थिनी तुमच्यापेक्षा दहापट चांगलं बोलेल. तिच्या येण्याजाण्याचे आणि वेळेचे पैसे तुमच्या कंपनीने द्यावेत. फुकट प्रेरणेची अपेक्षा अशा मुलींकडूनच जास्त होते.

तुम्ही जे करू शकता ते कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं. अमेरिकेत गणिताची शिडी पाच पायऱ्यांची असते : बीजगणित एक, भूमिती, बीजगणित दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. दरवर्षी एक. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर बीजगणित एक आठवीतच व्हायला लागतं. नववीत सुरू केलं तर बारावी प्रीकॅल्क्युलसवर संपते, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ती मुलगी एक पायरी मागे. हा निर्णय सातवीच्या उत्तरार्धात होतो, बहुतेकदा शिक्षकांच्या शिफारशीने आणि एका चाचणीने. घरात कोणाला हे माहीत नसेल तर विचारणारंच कोणी नसतं.

त्यात शाळाही सारख्या नाहीत. केंद्रीय शिक्षण विभागाच्या २०१५-१६ च्या आकड्यांनुसार देशातल्या निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलं जात होतं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) विद्यार्थ्यांचं प्रमाण फार जास्त असलेल्या हायस्कुलांत ३८ टक्क्यांतच. जो विषय शाळेत नाहीच, तो शुरी पाहून घेता येत नाही.

म्हणून सातवीच्या मुलींना फेब्रुवारी-मार्चआधी अपूर्णांक, ऋणसंख्या, गुणोत्तर आणि एकचल समीकरणं पक्की करून द्या. आठवड्याला एक तास, ठरलेल्या दिवशी, न चुकता. घसरगुंडी बहुतेक वेळा ऋणचिन्हावर होते : कंसाबाहेर वजा असलं की आतलं दुसरं चिन्ह बदलायचं राहून जातं. पालकांना सांगा की शिफारस नाही आली तरी समुपदेशकाला लेखी विचारता येतं, काही शाळा पालकांच्या अर्जावर प्रवेश देतात. आठवी हुकली तर तीन वाटा : उन्हाळी वर्ग, एका वर्षात भूमिती आणि बीजगणित दोन एकत्र, किंवा अकरावी-बारावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात) जाऊन गणित. या तिसऱ्या वाटेत क्लास उत्तम असतो आणि घरी परतायची सोय नसते. मुली गळतात त्या गणितामुळे कमी, संध्याकाळच्या बसमुळे जास्त. कंपनीला पैसे द्यायचेच असतील तर टी-शर्ट नकोत, गाडी द्या.

आणि मुलींची नावं आधी विचारून नीट उच्चारा. आपल्या नावांचं इथे काय होतं, ते आपल्याला चांगलंच माहीत आहे.

प्रश्न : आठ-नऊ वर्षांच्या मुलींना काय दाखवावं? 'ब्लॅक पँथर'मध्ये मारामारी फार आहे.
— सॅन होजे

बरोबर, त्याला तेरा वर्षांखालच्यांसाठी सावधगिरीचं प्रमाणपत्र आहे. लहानांसाठी 'मून गर्ल अँड डेव्हिल डायनासोर' ही २०२३ ची कार्टून मालिका बघा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली तेरा वर्षांची लुनेला लाफेयेट, कृष्णवर्णीय, स्वतःची उपकरणं स्वतः जोडणारी. भाग वीस-बावीस मिनिटांचे आहेत. ती उपाय शोधायला बसते तिथे थांबवा, कागद आणि पुठ्ठा द्या, 'तू काय केलं असतंस' विचारा, वीस मिनिटं द्या, मग उरलेला भाग लावा. क्रम उलटा केला तर सगळ्याजणी लुनेलाचंच काढतात.